खरवडलेलं नाव

पुस्तकाची रिबन सुटली, टाळ्या झाल्या आणि पहिल्या रांगेत बसलेल्या ताईच्या हातात प्रकाशकानं एक प्रत ठेवली. तिनं चष्मा लावला. मुखपृष्ठावर एकच नाव होतं, धाकट्या भावाचं. आत उलटून पाहिलं, तिथंही एकच. या आवृत्तीत दोघांची नावं घालायचं त्यानं कबूल केलं होतं, तेही आपण होऊन, आईच्या फोटोकडे हात करून.

तिनं ऋणनिर्देश काढला. विद्वान मंडळी खरं बोलतात ती तिथंच, बारीक टायपात. ग्रंथालयाचे आभार होते. फोटोग्राफरचे होते. हस्तलिखितांच्या खोलीतला एसी दुरुस्त करणाऱ्याचेही होते. आणि सर्वांत शेवटी, 'वेळेवर जेवू घालणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचे'.

ताईला स्वयंपाक येत नव्हता. घरात डबा बाहेरून येत असे.

व्यासपीठावर धाकटा रंगात आला होता. ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीच्या काळावर त्यानं उभी हयात घालवली होती आणि त्या काळात स्वतः राहून आल्यासारखा तो बोलत असे.

"तेव्हा या लोकांना चर्च कुठली? कुणाच्या तरी घरी जमायचे बिचारे. आणि माझ्या या पुस्तकातल्या जुन्या ग्रीक पत्रात जे घर येतं, ते चालवत होती एक बाई. मंडळीची प्रमुख! पुढे कुणा नक्कलनवीसानं चामड्याच्या पानावरून तिचं नाव सुरीनं खरवडलं आणि त्या जागी एका पुरुषाचं लिहिलं. शेकडो वर्षं कुणाला पत्ता नाही. मग एका दुपारी मी सहज दिवा पानाच्या कडेला आडवा धरला... आणि खरवडीखाली ती बाई दिसली."

सभागृहात कुणीतरी 'अरेरे' म्हणालं, कुणीतरी 'वा'.

दिवा ताईनं धरला होता. धाकटा त्या दुपारी परिषदेला गेला होता, परगावी. ग्रीकही त्याला तिनंच शिकवलेलं. अजूनही एखादं लांब वाक्य आडवं आलं की त्याचा फोन यायचा, "ताई, यात कोण कुणाला बोलतंय गं?"

प्रकाशक तिच्याकडे झुकला. "ताई, सरांना तुमचा फार मोठा आधार!"

"असतो," ताई म्हणाली. "खुंटीचाही असतो."

प्रकाशक मनमोकळं हसला. आवृत्ती निम्मी आधीच गेली होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतली एक विद्यार्थिनी उभी राहिली. "सर, पण नाव खोडणारा कोण असेल? बायकांचा द्वेष करणारा कुणीतरी?"

ताईनं मान वर केली. सुरीचा कोन, शाईचा रंग, अक्षरांचं वळण, सगळं तिनं त्याला टिपून दिलं होतं. हे मात्र तिला कधीच उलगडलं नव्हतं.

धाकट्यानं समोरचे कागद बाजूला केले. पाण्याचा घोट घेतला.

"नाही," तो म्हणाला. "द्वेष करणारा घाईनं खरवडतो. पानाला भोक पडतं. हे काम फार हलक्या हातानं केलंय. मला विचाराल, तर तो तिच्याच घरातला असावा. कदाचित अक्षरं तिनंच गिरवून घेतलेली. त्याला वाटलं असेल, तिला काय फरक पडतो? ती आपलीच तर आहे."

संध्याकाळभरात पडल्या नव्हत्या इतक्या टाळ्या पडल्या.

बाहेर पुष्पगुच्छ मागच्या सीटवर रचून झाले. धाकट्यानं तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं आणि प्रत्येक व्याख्यानानंतर विचारायचा तेच विचारलं, "कसं झालं गं?"

"छान झालं."

"तोंडदेखलं नको. खरं सांग."

"खरंच सांगते. बाकीचं सगळं माझ्या ओळखीचंच होतं, त्यावर मी काय बोलणार?" ताई म्हणाली. ती गाडीत बसली नाही. "शेवटचं उत्तर मात्र अस्सल तुझं. इतकी वर्षं डोकं फोडलं, पण ते मला सुचलं नव्हतं."