दहा मीटर

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गादीवाला एकटाच आला. त्याने बाकावर एक पातळ गादी पसरली आणि तिच्या शेजारी, नुसत्या लाकडावर, स्वतः बसला.

"मंडळी कुठे?" सिस्टरने विचारलं.

"येईल."

"आणि कार्ड?"

"तिच्याकडे आहे."

सिस्टरने मान वर केली. पहिलं वर्षभर तिचं तपासणीचं कार्ड त्याच्याच शर्टाच्या खिशातून निघत असे.

रुग्णालयात चाललेला अभ्यास मणक्याच्या क्षयरोगाचा होता. ऑपरेशन न करता, फक्त नव्या औषधांवर खचलेला मणका सावरतो का, एवढाच प्रश्न. चार शहरांतली चार रुग्णालयं, एकशे वीस रुग्ण, चारही ठिकाणच्या नोंदी एकाच संगणकप्रणालीत. पहिलं वर्ष औषधांचं, दुसरं वर्ष नुसत्या फोनवरच्या चौकशीचं. शेवटी एक चाचणी: कॉरिडॉरमध्ये रंगवलेल्या दोन पिवळ्या पट्ट्यांमधलं दहा मीटर अंतर आधाराशिवाय चालायचं. मुदत आज दुपारी एकपर्यंत. इथल्या तिसांपैकी एकोणतीस जण चालून गेले होते. राहिली होती सदतीस नंबर, गादीवाल्याची बायको.

ती आली नाही, तर तिच्या नावापुढे 'संपर्क तुटला' असं लिहावं लागणार होतं. मोठ्या डॉक्टरांना ते नको होतं. एकशे विसांत सगळ्यात वाईट पाठ तिची होती.

दोन वर्षांपूर्वी गादीवाल्याने तिला दोन्ही हातांवर उचलून आणलं होतं. वॉर्डात तिला फळीवर झोपवलं, तेव्हा शेजारच्या खाटेवरची आजी म्हणाली, "गादीवाल्याची बायको, आणि नशिबी फळी!" तोच सगळ्यांत मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी तो फळीवर अंथरायला बोटभर जाडीची गादी शिवून घेऊन आला. ती टोचली, म्हणून दुसरी आणली. अशा सात झाल्या. तो तिला भरवायचा, तिची वेणी घालायचा, डॉक्टरांना उत्तरंही तोच द्यायचा.

"रात्री झोप लागते का?" डॉक्टर तिला विचारत.

"तीनला जाग येते," तो सांगे.

"गादीवाले, मी पाठीच्या मालकिणीला विचारतोय."

ती भिंतीकडे बघून हसे. मग पुन्हा तोच बोले.

दुसऱ्या वर्षी सिस्टर दर दोन महिन्यांनी फोन करायची.

"द्या जरा तिच्याकडे."

"बाहेर गेलीय."

"एकटी?"

"एकटीच."

"वा, काका! पायाला भिंगरीच लागली की!"

फॉर्मवर तिने लिहिलं: एकटी घराबाहेर जाते. पुढच्या फोनला तेच उत्तर आलं. त्याच्या पुढच्यालाही. "तुम्हाला घर राखायला ठेवलंय वाटतं," सिस्टर एकदा म्हणाली. "हो," तो म्हणाला, "घर मीच राखतो."

साडेदहाला एक काठीवाला गृहस्थ बाकाशी आला. "इथे कोणी आहे?"

"आहे."

"दिसत तर नाही."

"यायचीय अजून."

गृहस्थ पुटपुटत पुढे गेला. गादीवाल्याने गादीवरची सुरकुती तळहाताने सारखी केली.

अकराला सिस्टर बाहेर आली. "काका, चाकाची खुर्ची पाठवू का फाटकाशी?"

"नको. ती चालतच येईल. खुर्चीतून आणायची असती, तर मीच नसती आणली?"

"मग एवढे घामाघूम का झालात? परीक्षा तिची आहे, तुमची नाही."

तो हसला. मग त्याने पिवळ्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"मागच्या वर्षी औषधं संपली, तेव्हा ती इथे चालली ना, सव्वीस सेकंद लागले. मी तिच्यामागून हात पुढे धरून चाललो होतो. पाठीपासून वीतभर लांब. डॉक्टर ओरडले, 'हात खाली घ्या!' मी नाही घेतला. सगळं लक्ष त्या वीतभर जागेवर. ती चालते कशी, ते बघायचंच राहिलं."

"आज बघा."

"आज हात खिशात ठेवतो. एक शब्द बोलत नाही. फक्त बघायचंय, सिस्टर. दहा मीटर."

साडेबाराला मोठे डॉक्टर स्वतः कॉरिडॉरमध्ये आले. हातात स्टॉपवॉच होतं.

"फोन लावा तिला."

"तिचा वेगळा फोन नाही."

"घरी कोणी आहे?"

"नाही."

"अहो, पण घरून निघाली कधी?"

गादीवाल्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "बराच वेळ झाला," तो म्हणाला.

स्टॉपवॉच सिस्टरच्या टेबलावर ठेवून डॉक्टर आत गेले.

एकला दहा कमी असताना सिस्टरने संगणक उघडला. 'संपर्क तुटला' हे दोन शब्द लिहायचे आणि जेवायला जायचं, एवढंच काम उरलं होतं. उघड्या दारातून गादीवाल्याचा आवाज आला.

"सिस्टर, अजून दहा मिनिटं आहेत ना?"

"आहेत, काका."

सदतीस नंबरची नोंद आधीच भरलेली होती. आज सकाळची, नऊ वाजून पंचवीस मिनिटांची, दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयातून आलेली. दहा मीटर: नऊ सेकंद. आधार: नाही. सोबत: कोणी नाही. खाली शेरा होता: रुग्ण अकरा महिन्यांपासून या शहरात एकटी राहते, नवा पत्ता पतीला देऊ नये, ही तिची विनंती.