साठ्यातल्या गोळ्या

"हा शेवटचा डबा," रायफलच्या गोळ्या विकणारा दुकानदार म्हणाला आणि बाबांचा पारा चढला. "लोकांना काही लाज? दिसेल तो डबा उचलून घरात कोंबतात, म्हणून तर ही टंचाई!" एवढं बोलून त्यांनी तो डबा उचलला आणि घरी येऊन माझ्या कपाटात कोंबला. माझे कपडे कधीच खुर्चीवर आलेत.

"बाबा, यातल्या थोड्या तरी झाडू दे ना. नेमबाजीची निवड चाचणी वर्षावर आलीय."

"झाडल्यास तर संपतील! मिळतायत कुठे? रिकाम्या रायफलीवर कर सराव. नेम काय, तोच असतो."

मग मी वर्षभर रिकाम्या रायफलीचा खटका ओढत बसले.

चाचणीत पहिली गोळी सुटली आणि तिच्या आवाजाने मीच दचकले. त्यानंतर दरवेळी खटका ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले. निवड हुकली.

परतताना बाबांनी त्याच दुकानापाशी गाडी थांबवली.

"बस तू, आलोच. नवा माल आलाय म्हणे. पुढच्या वर्षी तुला गोळ्या कमी पडायला नकोत."