सेमीसीचं नाव

घरमालकीण नजमाच्या भाड्याच्या खोलीत तिघं राहायचे. सेमीसी आणि विली हे एकाच गावचे दोन टोंगन, म्हणजे पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचे, एका ताटात जेवणारे. तिसरा पोपट नावाचा मराठी पोरगा, ज्याचं तोंड शिवीशिवाय उघडत नसे.

दुपारी फोन आला. सेमीसीचा बाप गेला होता. ऐकताक्षणी विली पलंगावरून उतरला, फरशीवर मान खाली घालून बसला आणि भलत्याच शब्दांत बोलू लागला.

"ह्याला काय झालं रे?" पोपट चमकला.

"बाप जहागीरदार होता. आता मी. माझं नाव संपलं, आता पदवीनेच हाक मारायची, माझ्याशी बोलायची भाषासुद्धा वेगळी." सेमीसीने विलीला गदागदा हलवलं. "सेमीसी म्हण की!"

विलीने मान वर केली नाही.

सेमीसी रडकुंडीला येऊन पोपटकडे वळला. "तू तरी घाल रोजची शिवी!"

पोपटने तोंड उघडलं. "अहो..."