भुऱ्या कुणाच्या दारात

निखारे बाजूला सारून मनकर्णाबाईने चुलीतली गरम राख घमेल्यात भरली, आपल्या दारासमोर ओट्यावर पसरली आणि वर कापसाच्या जिनातून आणलेलं जुनं बारदान टाकलं. कुत्र्याचे एवढे लाड तिने जन्मात केले नव्हते. भुऱ्या उंबऱ्याजवळ आला की ती जळण फेकून मारायची.

पण तिचा नवरा पंजाबराव ज्या दारात शिरत, त्या दाराबाहेर भुऱ्या मुटकुळं करून झोपायचा. एका ओट्याला दोन दारं, दोन दारांआड दोन बायका. पहाटे पाण्याला निघालेल्या देऊळघाटच्या बाया रस्त्यावरून कुत्रं पाहत आणि काय समजायचं ते समजत. कोकिळा सवत होऊन आल्यापासून भुऱ्या तिच्याच दारात. मनकर्णाबाईला कुणी टोचून बोलत नव्हतं, उलट सगळ्या जणी जरा जास्तच गोड बोलत. त्या गोड बोलण्याने तिचा जळफळाट व्हायचा. नवरा येत नाही तर न येवो, निदान कुत्रं तरी दारात दिसावं, इथवर ती आली होती.

थंडी अशी पडली होती की तुरीचा बहर करपून गेला होता. भुऱ्याने बारदान हुंगलं, एक गोल फेरी मारली आणि अंग टाकलं. मनकर्णाबाईने त्याला चतकोर भाकर घातली आणि दार लावून घेतलं.

उजाडायच्या आत तिने दार उघडलं. भुऱ्या तिथेच होता.

शेजारची सोजराबाई घागर घेऊन चालली होती, ती थबकली. "काहो मनकर्णाबाई, भुऱ्या आज इकडे?"

मनकर्णाबाई नुसती पदर सावरून हसली. या वयातही लाजणं तिला झकास जमलं. सोजराबाईची पावलं एकदम भराभर पडू लागली. विहिरीवर आता दुसरा विषय निघणार नव्हता.

तेवढ्यात कोकिळाचं दार वाजलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. ती आधी कुत्र्याकडे बघत राहिली, मग मनकर्णाबाईच्या दाराकडे.

"बाई, उठले का ते? पाणी तापवून ठेवलं हाय मी."

मनकर्णाबाईच्या लक्षात आलं. म्हणजे नवरा हिच्याकडेही नव्हता. पण ते सुजलेले डोळे पाहून तिला इतकं बरं वाटलं की राहवलं नाही. जळू दे हिलाही एकदा.

"झोपले हायेत अजून," ती म्हणाली.

भुऱ्याने कान टवकारले आणि तो ओट्यावरून उडी मारून पळाला. मागच्या बोळातून पंजाबराव येत होते. पागोटं नीटनेटकं, तोंडात ताजा विडा रंगलेला. त्या दोघींपैकी कुणीच त्यांना विडा लावून दिला नव्हता.

"लई थंडी हाय बे," ते कुत्र्याला म्हणाले आणि दोघींकडे न बघता न्हाणीत गेले.

मनकर्णाबाई मान खाली घालून उभी राहिली. आता ही काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच उरलं होतं.  पण कोकिळाने वाकून बारदानाचं टोक उचललं आणि राखेला हात लावला. राख अजून कोमट होती. बराच वेळ तिने हात तसाच ठेवला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आज भुऱ्याले माह्या दारात झोपू देसान? उद्या बाया येतीनच पाण्याले."

विहिरीकडून हसण्याचा आवाज आला. मनकर्णाबाईने रिकामं घमेलं उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"एकाआड एक दिवस," ती म्हणाली. "आज तू ने."