माइकवरचं नाव

"...आणि शर्यतीचा बादशहा, आपल्या ‘बादल’ बैलाचे मालक, निडीचे बाबाजीशेठ! पुढच्या सोफ्यावर यावं!"

हैबतरावांनी मनातल्या मनात बैलाला एक शिवी दिली. आधी माजी सरपंच पुकारून झाले. मग धाटावच्या कंपनीतले साहेब. मग मोबाइलवर नाचून दाखवणारी ती पोरगी. आता बैल. आणि आपण? मालिकेत इन्स्पेक्टर होतो आपण. पेणच्या बाजारात कोलंबीवाली अजून वर मूठभर टाकते, ती काय उगाच?

धाकट्या बहिणीच्या, कृष्णाबाईच्या लेकीचं लग्न होतं, रोह्याच्या हॉलमध्ये. इकडच्या लग्नात कोण मोठं हे कुणाला विचारावं लागत नाही, माइक सांगतो. ज्याचं नाव आधी, तो मोठा. ज्याचं नावच नाही, त्याने पंख्याखालची खुर्ची शोधावी. हैबतरावांना तीही टोचत होती. उठायचे, फेटा चाचपायचे, परत बसायचे.

चुलतभाऊ मोरू घामाघूम होऊन आला.

"दादा, आत चल. ताई बोलवतेय. सगुणा तयार हाय. मामानं हात धरून आणायची ना तिला!"

"येतो रे. एवढं नाव होऊ दे."

"कसलं नाव?"

याला काय सांगणार, कपाळ! हैबतराव तडक माइकवाल्या पोपटकडे गेले.

"माझं राहिलं वाटतं."

पोपटने जीभ चावली. "अहो साहेब, कृष्णाताईंनीच सांगितलंय. घरच्या माणसांची नावं पुकारायची नाय."

"घरचा-बिरचा सोड. मला पाहुणा म्हणून पुकार. आणि बैलापेक्षा वरचढ काहीतरी लाव पुढे."

पोपट आत विचारायला गेला. परत आला तेव्हा त्यांच्याकडे न बघताच त्याने माइक उचलला.

"सुप्रसिद्ध अभिनेते, छोट्या पडद्याचा वाघ, रायगडची शान, हैबतराव साहेब!"

टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला. नाचणाऱ्या पोरीने सोफ्यावर सरकून जागा दिली, वर गालाला गाल लावून फोटोही काढला. सकाळपासून पहिल्यांदा हैबतरावांचा जीव थाऱ्यावर आला. ते मागे रेलले.

तेवढ्यात भटजींनी अंतरपाट धरायला लावला. बायका बाजूला झाल्या आणि सगुणा आली, मान खाली घालून. तिचा हात मोरूच्या हातात होता. मोरूच्या बाहीवर वरणाचा डाग होता, तो पुसायलाही त्याला कुणी वेळ दिलेला दिसत नव्हता.

हैबतराव नारळासकट उठले. "अगो कृष्णे, थांब! मामा मी हाय ना!"

कृष्णाबाईने वळून पाहिलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पदर सावरला आणि हात जोडले.

"बसा, साहेब. पाहुण्यांना आम्ही कामाला लावत नाय."