उघडं डोकं
सकाळी मामांनी पोलीस शिपाई भाच्याला बजावलं होतं, “हेल्मेट काढू नकोस. ते दिसलं की मी हात आवरीन.” भाचा म्हणाला, “दोन पुरुषांचं लग्न मलाही पटत नाही, मामा. पण सरकारनं कायदा केलाय. त्यांना सुखरूप गाडीत बसवणं माझी ड्यूटी.” आता विवाहनोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर दगड बरसत होते. “धर्म बुडवला मेल्यांनी!” मामा बेंबीच्या देठापासून ओरडले. एक नवरदेव गाडीत पोचला होता. दुसऱ्याभोवती पोलिसांचं कडं होतं. ढालींवरून हेल्मेटंच दिसत होती, मधोमध एक उघडं डोकं. मामांनी नेम धरून वीट भिरकावली. डोकं काडकन फुटलं. “नेम बसला!” गर्दी नाचली. ढाली बाजूला झाल्या. हेल्मेटवाला एकजण गुडघे टेकून, रक्तात पडलेल्या शिपायाला हलवत होता. त्याच्या अंगात लग्नाचा कोट होता. “स्वतःचं काढून मला कशाला घातलंत, दादा?”