आपल्या माणसाचं प्रूफ

"नीट वाचलंस ना?" ताईने तिसऱ्यांदा विचारलं.

"वाचलं गं. एकही चूक नाही," धाकटा म्हणाला आणि त्याने बाहीने डोळे पुसले.

ते पाहून ताईने पान त्याच्या हातून काढून घेतलं.

वडिलांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती. औषधांची पत्रकं असोत की शाळेची पुस्तकं, त्यांच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय काही मशीनवर चढत नसे. त्यांचा नियम एकच होता. आपल्या माणसाचं प्रूफ आपण वाचायचं नाही. डोळे भरतात आणि चुका निसटतात. छापखान्याचे मालक वारले तेव्हा वडिलांनी हा नियम एकदाच मोडला. श्रद्धांजलीच्या पानावर मालकांऐवजी त्यांच्या मेव्हण्याचा फोटो छापला गेला, आणि मेव्हणा चांगला धडधाकट, सभेत पहिल्याच रांगेत बसलेला. लोक अजून हसतात. वडील मात्र त्यावर कधी हसले नाहीत.

सकाळी डॉक्टर येऊन गेले आणि धाकट्याने सरळ छापखाना गाठला. उद्यापासून तो तीन दिवस बंद. दुपारी प्रूफ घरी आलं. वर फोटो, खाली चौदा ओळींत वडिलांचं आयुष्य. सभेची तारीख ठरायची होती, तिथे टिंबं होती. पाचच्या आत पान परत द्यायचं होतं, आणि सव्वाचार वाजले होते.

"एवढी घाई करायची काय गरज होती?" ताई म्हणाली.

"मग काय, लोकांना हाताने खरडलेला कागद वाटायचा? बाबांना चालला असता?"

ताई स्वतः वाचायला बसली. चौथ्या ओळीत अडली. 'मुलांना रोज गोष्ट वाचून दाखवत,' असं लिहिलं होतं. खरं तर ते गोष्टही प्रुफासारखीच वाचायचे. "राजा म्हणाला, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू..." मुलं पूर्णविरामापर्यंत टिकायची नाहीत. ताईला हसू आलं आणि पुढची अक्षरं धूसर झाली. तिने घरी न सांगता लग्न केलं होतं, आणि महिनाभराने भीतभीत पत्र लिहिलं होतं. वडिलांनी तेच पत्र परत पाठवलं. सात चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या, आणि खाली एक ओळ, 'बाकी सगळं बरोबर आहे, दोघं घरी या.'

हे पानात नव्हतं. तरी तिला पुढे वाचता येईना.

बाहेरच्या खोलीत जुळारीकाका दुपारपासून बसून होते. वडिलांबरोबर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ताईने पान त्यांच्या हातात दिलं. ते फोटोच्या खाली उतरलेच नाहीत.

"माझ्या हजार चुका पोटात घातल्या हो याने," म्हणत ते ढसाढसा रडायला लागले.

साडेचार झाले.

"जाऊ दे तसंच," धाकटा म्हणाला. "राहिली एखादी चूक तर राहिली."

"बाबांच्या पानात?" ताई म्हणाली. वडिलांसाठी करण्यासारखं आता एवढंच उरलं होतं, आणि तेवढंही तिला जमत नव्हतं.

कोपऱ्यात बसलेली आई उठली. तिने पान उचललं, ड्रॉवरमधून लाल पेन्सिल काढली, सुरीने तिला टोक केलं आणि आतल्या खोलीकडे निघाली.

"आई, आत नको ना नेऊस. इथेच बसून वाच."

"इथे? तुमचे नळ वाहतायत तिघांचे," आई म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

दाराआडून तिचा एकसुरी आवाज ऐकू येत होता. ती स्वल्पविरामसुद्धा म्हणत होती. मध्येच आवाज थांबला. बराच वेळ काही नाही. ताईने दाराला कान लावला.

"तिला काही झालं असेल तर? उघडू का?"

"थांब," धाकटा म्हणाला, पण तोही दाराशी येऊन उभा राहिला.

पावणेपाचला दार उघडलं. आईचे डोळे लाल झाले होते. पानावर दोन खुणा होत्या. वय एका वर्षाने चुकलं होतं, ते बरोबर केलेलं. आणि 'दोन मुले' यातला 'दोन' खोडून 'तीन' लिहिलेलं.

ताईने तो आकडा पुन्हा वाचला. तिच्या आणि धाकट्याच्या मधला भाऊ अकरा दिवसांचा होऊन गेला होता. पन्नास वर्षांत घरात कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

"आई, तुझ्या बरं लक्षात आलं," धाकटा हळूच म्हणाला.

"माझ्या कुठलं? मी नुसतं वाचून दाखवत होते, आणि तिथे तर माझाही आवाज गेला," आई म्हणाली. "पेन्सिल त्यांच्या हातात होती. टिंबं राहू द्या म्हणालेत सध्या. आणि अर्धा कप चहा मागितलाय."